लेकीचे चान्सेस किती? (अमेरिकेतली बडी विद्यापीठं, बारावी सायन्स, नेरुळ)

नेरुळची_जाई | १२ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावी सायन्सला, स्टेट बोर्ड. कॉलेज इंटिग्रेटेड, म्हणजे नाव कॉलेजचं आणि दिवसभर क्लास. दहावीला ९६.४, अकरावीला ८८ (कॉलेजची परीक्षा कुणीच मनावर घेतली नाही, आम्हीसुद्धा). सॅटला (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५१०, त्यात गणित ७९०. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिकचं रौप्यपदक. भरतनाट्यम आठ वर्षं. शाळेत असताना हेडगर्ल. आणि फ्लेमिंगो मोजते. हे शेवटचं लिहावं की नाही तेच कळत नाहीये.

तिला पर्यावरण आणि कॉम्प्युटर असं मिळून काहीतरी शिकायचंय. चौदा विद्यापीठांची यादी केलीय: हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, बर्कली वगैरे. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय. प्रत्येक ठिकाणी ५ टक्के शक्यता धरली तर चौदापैकी एक तरी लागण्याची शक्यता ५१ टक्के येते, म्हणजे निम्म्याहून जास्त! आमची दोघांची नोकरी आहे, पण वर्षाला पंधरा लाखांच्या वर झेपणार नाही.

वाशीच्या एका कौन्सेलरने साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलंय. त्यात निबंध, 'रिसर्च पेपर' आणि 'सोशल इम्पॅक्ट प्रोजेक्ट' सगळं आलं. उत्तर सोमवारपर्यंत हवंय म्हणाले.

तर प्रश्न एकच. चान्सेस किती?

तिरपागडा | १२ सप्टेंबर, रात्री ११:१८

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सीवूड्स_लोकल | १२ सप्टेंबर, रात्री ११:४२

ताई, रागावू नका. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. १५१० वाईट नाही, पण तो फक्त दाराबाहेरच्या रांगेत उभं राहण्याचा पास आहे. एमआयटीने २०२२ मध्येच सॅट परत सक्तीची केली. हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ मागोमाग आले. बर्कली मात्र सॅट बघतच नाही, तिथे तुमचे १५१० नुसते पडून राहणार. आणि बर्कली सरकारी विद्यापीठ, बाहेरच्या देशातल्या मुलांना मदत जवळजवळ नाहीच. तुमचं बजेट पंधरा लाखांचं आणि खर्च त्याच्या चौपट-पाचपट. ती ओळ आजच कापा.

खाडीपलीकडे | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

जाईताई, मी ठाण्याचा, घंटाळीजवळ राहतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका विद्यापीठात शिकलो. आता दर हिवाळ्यात त्यांच्यासाठी इकडच्या मुलांच्या मुलाखती घेतो. निर्णय मी घेत नाही, मी फक्त पानभर टिपण पाठवतो. आमच्याकडे मुलाखत घेणाऱ्याला मुलाचे गुणसुद्धा दिसत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं त्या बेताने घ्या.

तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे, पण ते फाशांचं गणित आहे. ०.९५ चा चौदावा घात कधी काढायचा? चौदा फासे वेगवेगळे असतील तेव्हा. इथे फासा एकच आहे, तो चौदा टेबलांवर टाकलाय. तेच गुण, बहुतेक ठिकाणी तोच ६५० शब्दांचा निबंध आणि त्याच शिक्षकांची पत्रं, तीच पैशांची गरज. पहिल्या ठिकाणी अर्ज फिका वाटला तर उरलेल्या तेरांपैकी बहुतेकांना तो फिकाच वाटणार. म्हणून अशा मुलांचे निकाल बघा: कुणाला चौदापैकी पाच, कुणाला शून्य. मधले फार कमी.

दुसरं, ते ५ टक्के तुमचे नाहीतच. २०२४ मध्ये हार्वर्डला ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ३.६ टक्के. पण त्या १,९३७ मध्ये होडी वल्हवणारे आले, फुटबॉलवाले आले, माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची पोरं आली. हार्वर्डवर जो खटला चालला त्यात प्रवेशाची आतली आकडेवारी बाहेर पडली. तीवरून अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तर प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त अशा कुठल्यातरी दारातून आत आलेली. तुमची लेक त्यातल्या कुठल्या दाराने जाणार आहे? एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, त्यामुळे तिथलं चित्र जास्त स्वच्छ. आणि तिथे परदेशी अर्जदारांसाठीचा दर दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे पैसे. तुम्ही ते तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एका ओळीत उरकलंत. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी. या खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास. त्यातले पंधरा लाख तुमचे, बाकीचे विद्यापीठाने द्यायचे. आता मोजक्याच ठिकाणी परदेशी मुलाचा अर्ज वाचताना 'याला पैसे लागतील का' हे बघत नाहीत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन, अलीकडे ब्राउन, वगैरे. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल बघतात. तिथे मदत मागितली की तुम्ही दुसऱ्या, फार कमी जागांच्या रांगेत जाता.

तेव्हा 'चान्सेस किती' याआधी विचारा, 'आपला अर्ज कुठल्या गठ्ठ्यात पडणार?' भारत, कॉम्प्युटर, भरपूर आर्थिक मदत हवी. हा गठ्ठा सगळ्यात जाड असतो हो. ठाणे-नवी मुंबईतूनच किती जात असतील, कल्पना करा.

जाता जाता: फ्लेमिंगो म्हणजे नेमकं काय करते ती?

सेक्टर_सहाचे_काका | १३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

खाडीपलीकडे, आम्ही नवी मुंबईची जुनी माणसं. आम्हाला घरही सिडकोच्या सोडतीत लागलं. मग ही सोडतच झाली की! अर्ज भरा, डिपॉझिट भरा आणि देवावर हवाला.

खाडीपलीकडे | १३ सप्टेंबर, सकाळी ९:५१

काका, सोडत फार न्याय्य असते. सोडतीत तुमच्या अर्जाचं वजन आणि मंत्र्याच्या मेहुण्याच्या अर्जाचं वजन सारखं. (निदान असायला हवं, हलके घ्या.) इथे आधी माणसं बसून निवडतात, त्यातून जागांच्या चौपट-पाचपट चांगली मुलं उरतात, आणि त्यानंतर जे होतं ते मात्र सोडतीसारखंच. यंदा ऑर्केस्ट्राला ओबो वाजवणारा कमी आहे का, मागच्या वर्षी याच शहरातून तीन घेतले का, असलं काहीतरी. ते मुलाला कधीच कळत नाही. नकाराच्या पत्रात कारण नसतं.

पूर्वी_तिथेच_होते | १३ सप्टेंबर, दुपारी २:१५

मी चार वर्षं अशाच एका कौन्सेलिंगच्या ऑफिसात निबंध 'एडिट' करायचे. नाव सांगणार नाही, शहरही नाही.

साडेचार लाखांत काय मिळतं ते सांगते. 'रिसर्च पेपर' म्हणजे कुठल्यातरी पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये आठ पानं, त्यातली सहा कुणा पीएच.डी.च्या मुलाने लिहिलेली. 'सोशल इम्पॅक्ट' म्हणजे बॅनर, एक वेबसाइट आणि एका वस्तीत अर्धा दिवस फोटो. एका मोसमात माझ्या टेबलावर सात मुलींचे निबंध होते आणि सातही सॅनिटरी पॅड वाटपावर. पाचांची पहिली ओळ सारखीच होती, कारण ती मीच लिहिली होती. लाज वाटली, सोडलं.

अर्ज वाचणारा माणूस एका भागाचे अर्ज वर्षानुवर्षं वाचत असतो. त्याला हे सात दिसतातच. आणि 'सोमवारपर्यंत सांगा' हे फक्त सेल्सचं. १ नोव्हेंबर आणि १ जानेवारी या तारखा विद्यापीठाच्या, सोमवार त्यांचा.

घोडबंदरचा_बाबा | १३ सप्टेंबर, रात्री १०:२०

लिहू की नको करत होतो. माझ्या मुलाला अकरा ठिकाणांहून नकार आले. अकरापैकी अकरा.

एमआयटीचा निकाल १४ मार्चला, पाय-दिवशी (३/१४, म्हणजे ३.१४), तिकडच्या संध्याकाळी ६:२८ ला लागतो (पायची दुप्पट, असला विनोद). आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ३:५८. आम्ही तिघं जागे. बायकोने शिरा करून झाकून ठेवलेला. पोरगं लॅपटॉपसमोर, आम्ही मागे दोन खुर्च्यांवर. त्याने पान उघडलं, वाचलं, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "बाबा, शिरा गरम करायचा का?" खाल्लाही सगळा. मग पुढचे दोन आठवडे एकेक पत्र येत राहिलं. मध्ये बोर्डाचा पेपर होता, त्या दिवशी मेल उघडायचं नाही असं आईने बजावलं होतं. त्याने उघडलं.

आम्ही कुठे चुकलो ते सांगतो. दहा वर्षं ऑलिम्पियाड-ऑलिम्पियाड केलं. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात शिबिराला जाऊन आलेली मुलं याच्या बॅचला होती. हा आरएमओच्या (गणित ऑलिम्पियाडची विभागीय फेरी) पुढे गेला नाही, तरी अर्जात सगळं गणितच गणित. म्हणजे ज्या स्पर्धेत आपण पंधरावे, नेमकी तीच सगळ्यांना दाखवायला काढली. त्याला जुन्या रेल्वे टाइमटेबलांचा नाद होता, ठाणे-वाशी मार्गाच्या गाड्यांचा त्याने स्वतःच प्रोग्राम लिहिलेला. ते आम्ही 'टाइमपास' म्हणून घातलं नाही.

आता चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. प्रवेशपरीक्षा दिली, लागला. मेसच्या सांबाराला कंटाळलाय, बाकी मजेत.

तिरपागडा | १३ सप्टेंबर, रात्री १०:३१

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं, बाबा. तो टाइमटेबलचा प्रोग्राम अजून आहे का?

अटलांटाकर | १४ सप्टेंबर, पहाटे ४:१२

मुळात आता अमेरिकेला यायचंच कशाला? मे २०२५ मध्ये सरकारने हार्वर्डची परदेशी मुलं घेण्याची परवानगीच काढून घेतली होती. कोर्टाने दुसऱ्या दिवशी थांबवलं म्हणून. त्याच महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती बंद ठेवल्या, मग चालू केल्या तर सोशल मीडियाची खाती उघडी ठेवा म्हणाले. एवढा जीव टांगणीला लावून

सीवूड्स_लोकल | १४ सप्टेंबर, सकाळी ८:००

तुम्ही स्वतः तिकडे बसून 'यायचं कशाला' म्हणताय, हे भारी.

अटलांटाकर | १४ सप्टेंबर, सकाळी ८:१४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सेक्टर_सहाचे_काका | १४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

धाग्याचं काश्मीर करू नका. मुलगी बारावीला आहे.

निवृत्त_मास्तर | १४ सप्टेंबर, सकाळी ११:००

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. एका गोष्टीकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून लिहितो. जाईताई, शिफारसपत्रे कोण देणार?

या विद्यापीठांना साधारण दोन शिक्षकांची पत्रे लागतात. एमआयटीला तर एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा-समाजशास्त्रांच्या शिक्षकाचे. शिवाय शाळेच्या वतीने एक. इंटिग्रेटेड पद्धतीत मुलगी कॉलेजात जाते ती प्रॅक्टिकलपुरती. इंग्रजीच्या तासाला वर्ग रिकामा. त्या शिक्षकाने तिच्याबद्दल काय लिहावे? 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडिअंट.' माझ्याकडे मुले यायची आणि म्हणायची, सर, तुमच्या नावाने आम्हीच लिहून आणलंय, फक्त सही करा. मी कधी केली नाही. पण मी त्यांना ओळखतच नसे, म्हणून लिहूनही दिले नाही. त्यात नुकसान मुलांचेच झाले, हे कबूल करतो.

वाईट बोलणे हा पत्राचा दोष क्वचितच असतो. पत्र मारते ते गुळगुळीतपणाने.

नेरुळची_जाई | १४ सप्टेंबर, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. दोन दिवस सगळं मोठ्याने वाचून दाखवतेय घरात. नवऱ्याने 'एकच फासा' वाचून शीट बंद केली, अजून उघडलेली नाही.

मास्तरसाहेब, तुम्ही नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. शनिवारी कॉलेजात गेले होते. क्लार्कला म्हटलं, नववी ते बारावीची ट्रान्स्क्रिप्ट लागेल. ते म्हणाले, "एलसी पाहिजे का?" नाही म्हटलं. "मग बोनाफाइड?" शेवटी म्हणाले, "नववीचं काय आमच्याकडे मागताय, शाळेत जा." ते त्यांचं बरोबरच होतं म्हणा. इंग्रजीच्या सरांनी लेकीकडे बघून विचारलं, "तू कुठल्या डिव्हिजनची?" दीड वर्ष झालं तिला तिथे.

फ्लेमिंगोंचं सांगते. तिचे आजोबा, माझे सासरे, रोज सकाळी डीपीएस तलावाकडे फिरायला जायचे. ही सातवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर. सासऱ्यांची वही होती, त्यात तारीख, भरती की ओहोटी, आणि अंदाजे किती पक्षी. ते गेल्यावर वही हिने चालू ठेवली. २०२४ च्या उन्हाळ्यात तलावात पाणी यायचं थांबलं, पक्षी मेले, पेपरात आलं होतं. त्या दिवसांच्या नोंदी तिच्याकडे रोजच्या आहेत. आता ती फोनने फोटो काढते आणि कॉम्प्युटरला मोजायला शिकवते. सध्या तो बगळ्यांनाही फ्लेमिंगो म्हणतो. कौन्सेलर म्हणाले, 'हॉबीमध्ये टाकू एका ओळीत.'

खाडीपलीकडे | १४ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई.

मी इतक्या वर्षांत मुलाखती घेतल्या. भरतनाट्यमची अरंगेत्रमं, हेडगर्ल, मॉडेल युनायटेड नेशन्स मला आता एकमेकांपासून वेगळी आठवत नाहीत. बगळ्याला फ्लेमिंगो म्हणणारा कॉम्प्युटर मला पुढची दहा वर्षं आठवेल.

याने प्रवेश मिळेल असं मी म्हणत नाही. बहुतेकांच्या अर्जात दहा उपक्रमांची जागा असते, प्रत्येकाला १५० अक्षरं. वही पहिल्या क्रमांकावर घाला आणि बाकी आठ-नऊ रकाने रिकामे राहिले तरी राहू द्या. निबंध तिला लिहू द्या. तुम्ही वाचा, पण शब्द बदलू नका.

पूर्वी_तिथेच_होते | १४ सप्टेंबर, रात्री ११:३४

+१. आणि आजोबांच्या मृत्यूवर शेवट करू नका. सगळे करतात. बगळ्यावर करा.

निवृत्त_मास्तर | १५ सप्टेंबर, सकाळी ६:४५

प्रॅक्टिकलच्या बाईंना भेटा. प्रयोगशाळेतील शिक्षिका मुलांना वर्गशिक्षकांपेक्षा जास्त पाहतात. जर्नल घेऊन जा, वहीही न्या. नाही तर दहावीपर्यंतच्या शाळेतील मराठीच्या बाई असतील, त्यांचे पत्र जादाचे म्हणून जोडता येते का ते त्या त्या ठिकाणचा नियम पाहून ठरवा.

मुलुंडची_मावशी | १५ सप्टेंबर, दुपारी १:१०

टाटांची स्कॉलरशिप आहे ना? जे. एन. टाटा. आमच्या ओळखीत एकाला मिळाली होती.

सीवूड्स_लोकल | १५ सप्टेंबर, दुपारी १:२५

मावशी, ती पदवीनंतरच्या शिक्षणाला, आणि तीही कर्जरूपाने. बारावीनंतर उपयोग नाही. त्यापेक्षा सिंगापूर बघा. तिथे सरकारी ट्यूशन ग्रँट घेतली तर फी बरीच उतरते, बदल्यात तीन वर्षं तिथे नोकरी करायचा करार. टोरंटो विद्यापीठाची पीअरसन स्कॉलरशिप पूर्ण खर्चाची आहे, पण शाळेने एकाच मुलाचं नाव पाठवायचं असतं. त्या क्लार्ककाकांना आधी 'नॉमिनेशन' समजावून सांगावं लागेल.

आणि कृपया भारतातलं सोडू नका. जेईईबद्दल उगाच घाबरवतात. २०२४ ला ॲडव्हान्स्डला १,८०,२०० जण बसले आणि आयआयटीत जागा १७,७४०. मेन्सच्या लाखोंच्या गर्दीतून ॲडव्हान्स्डपर्यंत पोचल्यावर दहात एक! हार्वर्डपुढे दया वाटावी असा आकडा. शिवाय तिथे बगळा-फ्लेमिंगो कुणी विचारत नाही. रँक आली की संपलं. काहींना हेच बरं वाटतं, मला वाटलं. पण पर्यावरण करायचं तर आयसर पुणे, बंगळूरचं आयआयएससी या विज्ञानसंस्थांचाही अर्ज भरा.

घोडबंदरचा_बाबा | १५ सप्टेंबर, रात्री ९:००

तिरपागडा, प्रोग्राम आहे. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडवर अडकलो की मुलाला फोन करतो, तो चेन्नईहून सांगतो ठाण्याहून पुढची पनवेल गाडी किती वाजता.

नेरुळची_जाई | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. कुणीकुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

कौन्सेलर घेतला नाही. यादी चौदावरून सहावर आणली, सहाही खाडीपलीकडे यांनी सांगितलेल्या, 'पैसे लागतील का' हे न बघणाऱ्यांपैकी. आठ अर्जांची फी वाचली हा नवऱ्याचा आनंद. १ नोव्हेंबरला पहिला अर्ज गेला. आयसर आणि जेईई चालूच. जानेवारीत मेन्स, फेब्रुवारीत बोर्ड, मार्चअखेर तिकडचे निकाल, एप्रिलमध्ये परत मेन्स. कॅलेंडर फ्रिजवर लावलंय, त्याकडे कुणी बघत नाही.

पत्राचं सांगते. जीवशास्त्र प्रॅक्टिकलच्या मॅडमना भेटलो. त्यांनी जर्नल उघडलं, एका पानावर त्यांचाच लाल शेरा: 'आकृती पुस्तकातली नको, दिसली तशी काढ.' खाली लेकीने पुन्हा काढलेली कांद्याच्या सालीची आकृती, वेडीवाकडी, एका पेशीत बुडबुडा. मॅडम म्हणाल्या, "ही होय! हिने बुडबुडासुद्धा काढला होता. बाकी साठ जणांचं पुस्तकातलंच." पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, दोन रविवार घेतले. आम्हाला दाखवलं नाही. अपलोड कसं करायचं ते मात्र लेकीने बसून शिकवलं.

इंग्रजीच्या सरांच्या तासाला लेक सप्टेंबरपासून रोज बसली. वर्गात चौघं असायची. सर पहिले आठ दिवस संशयाने बघत होते म्हणे, मग पूर्ण पस्तीस मिनिटं शिकवायला लागले. त्यांनीही दिलं.

आर्थिक मदतीच्या फॉर्मवर घर कधी घेतलं, केवढ्याला, आज किंमत काय, असं सगळं विचारतात. सासऱ्यांना सिडकोच्या सोडतीत लागलेलं घर, किंमत तेव्हाची आणि आजची लिहिल्यावर नवरा म्हणाला, हे बघून ते आपल्याकडेच मदत मागतील.

निबंध बगळ्यावरच संपतो. मी एक शब्द बदलला होता, तिने परत केला.

खाडीपलीकडे | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

कुठला शब्द?

नेरुळची_जाई | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४४

तिने 'चिखल' असंच रोमन लिपीत लिहिलं होतं. मी 'वेटलँड' केलं.

यशस्वी_पालक | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

खूप छान माहिती. पूर्ण वाचलं नाही, वेळ नव्हता. आमचा मुलगा सातवीत आहे, खारघर. अबॅकसच्या सहा लेव्हल झाल्यात, चेसही चालू आहे. हार्वर्डला चान्सेस किती? फ्लेमिंगो मोजायचा क्लास कुठे आहे, नंबर मिळेल का?

तिरपागडा | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:०३

प्रकाटाआ